सिंगापूर ते न्यूयॉर्क: अंतर १५,३४९ किलोमीटर, पण विमानाला वेळ नेमका किती लागतो आणि का?

मध्यान्ह (धागालेखक)

दोन दूरच्या शहरांमधले हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची रीत एकच असते. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, त्यांवरून अंतर काढायचे, त्याला ताशी आठशे किंवा नऊशे किलोमीटरने भागायचे, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा आणि आलेले उत्तर ‘प्रवासाचा वेळ’ म्हणून द्यायचे. हजार-दीड हजार किलोमीटरच्या उड्डाणाला हा हिशेब चालून जातो. अंतर दहा हजारांच्या पुढे गेले, की तो सहज तास-दोन तासांनी चुकतो, आणि कोणत्या बाजूला चुकेल हे त्या भागाकारातून कळत नाही. त्यामागची कारणे एका ठिकाणी नीट मांडली जावीत, यासाठी हा धागा काढत आहे.

चर्चेला एक ठरावीक जोडी असावी म्हणून सिंगापूर आणि न्यूयॉर्क ही शहरे घेऊ. नियमित विनाथांबा प्रवासी उड्डाणांमध्ये ही जोडी सर्वांत लांबची म्हणून ओळखली जाते. सिंगापूर एअरलाइन्सने २००४ मध्ये न्यूयॉर्कलगतच्या नेवार्क विमानतळापर्यंत एअरबस ए-३४०-५०० या चार इंजिनांच्या विमानाने ही सेवा सुरू केली, २०१३ मध्ये ती बंद केली, ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या ए-३५०-९०० यूएलआर या अतिलांब पल्ल्याच्या विमानाने पुन्हा सुरू केली आणि नोव्हेंबर २०२० पासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंत उड्डाणे नेली. सिंगापूर ते केनेडी हे अंतर १५,३४९ किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटरने भागल्यास १७ तास ३ मिनिटे येतात. वेळापत्रकात मात्र साधारण अठरा ते एकोणीस तास दिलेले असतात, आणि जाण्याचा व येण्याचा वेळ सारखा नसतो.

माझे म्हणणे असे आहे, की इथे अंतर एक नसून दोन आहेत. एक जमिनीवरचे, जे कायमचे ठरलेले आहे, आणि दुसरे हवेतले, जे रोज बदलते. विमानाचा वेळ दुसऱ्या अंतराने ठरतो. जाणकारांनी यात भर घालावी, ही विनंती.

अक्षवृत्त

विषय चांगला निवडला आहे. हवेतल्या अंतराकडे जाण्याआधी जमिनीवरच्या अंतराबद्दल थोडे लिहितो, कारण पुष्कळ वाचकांच्या मनात भिंतीवरच्या सपाट नकाशातली सरळ रेघ असते.

पृथ्वीच्या पृष्ठभागावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्ताच्या कंसावरून जाते. पृथ्वीच्या केंद्रातून आणि त्या दोन ठिकाणांमधून जाणारे प्रतल कल्पावे. ते पृष्ठभागाला जिथे छेदते ते बृहद्वृत्त. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये केलेल्या नकाशावर सरळ दिसणारी रेघ ही वाट नव्हे. त्या रेघेवरून होकायंत्राची दिशा कायम एकच राहते, म्हणून शिडाच्या जहाजांना ती सोयीची होती, पण ती लांबची असते. सिंगापूर आणि न्यूयॉर्कसाठी मी दोन्ही वाटांचे गणित करून पाहिले. मर्केटरच्या नकाशावरची सरळ रेघ सुमारे १८,५०० किलोमीटर भरते, म्हणजे बृहद्वृत्तापेक्षा तीन हजारांहून अधिक किलोमीटर जास्त.

आता ती जवळची वाट कुठून जाते ते पाहण्यासारखे आहे. सिंगापूरचे रेखांश सुमारे १०४ पूर्व, न्यूयॉर्कचे सुमारे ७४ पश्चिम. दोहोंत जवळपास १७८ अंशांचे अंतर आहे, म्हणजे ही शहरे रेखांशांच्या दृष्टीने पृथ्वीच्या अगदी विरुद्ध बाजूंना आहेत. त्यामुळे सर्वांत जवळची वाट पूर्वेकडेही जात नाही आणि पश्चिमेकडेही जात नाही; ती जवळजवळ सरळ उत्तरेकडे निघते. थायलंडचे आखात, कंबोडिया, थायलंड-लाओस सीमा, चीनमधला सिचुआनचा डोंगराळ पश्चिम भाग, मंगोलियाचा मध्य, बैकल सरोवराच्या पश्चिमेचा सायबेरिया, तैमीर द्वीपकल्प, मग आर्क्टिक महासागर. उत्तर ध्रुवापासून साधारण २८० किलोमीटरवरून ती पलीकडे उतरते आणि ग्रीनलंडचा वायव्य कोपरा, बॅफिन बेट, क्वेबेक असे करत दक्षिणेला न्यूयॉर्कपाशी येते.

यातून एक गमतीची गोष्ट निघते. केनेडी आणि नेवार्क हे विमानतळ एकमेकांपासून तीसेक किलोमीटर दूर आहेत, पण सिंगापूरपासूनच्या त्यांच्या अंतरांत जेमतेम पाच किलोमीटरचा फरक आहे. वाट उत्तरेकडून येते आणि हे दोन्ही विमानतळ एकमेकांच्या पूर्व-पश्चिमेला आहेत, हे लक्षात घेतले की कारण उघड होते.

गणिताची वही

अक्षवृत्त यांच्या प्रतिसादाला पुरवणी जोडतो. संकेतस्थळांवर एकाच जोडीसाठी आठ-दहा किलोमीटरच्या फरकाने वेगवेगळी अंतरे दिसतात. त्यातले एखादे खोटे असते असे नाही. पृथ्वी पूर्ण गोल मानून ६,३७१ किलोमीटर त्रिज्येने हॅवरसाइन हे गोलावरचे अंतर काढण्याचे सूत्र वापरले, तर सिंगापूर-केनेडी अंतर १५,३३९ च्या आसपास येते. पृथ्वी प्रत्यक्षात ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर. हा चपटेपणा धरून केलेल्या गणितात, उदाहरणार्थ थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या रीतीने, उत्तर १५,३४९ च्या जवळ येते. गोल मानण्यामुळे होणारी चूक क्वचितच अर्ध्या टक्क्याच्या वर जाते, म्हणून वेळेच्या हिशेबात तिला महत्त्व नाही. दहा किलोमीटर कापायला विमानाला चाळीस सेकंद लागतात.

आणखी एक: वैमानिक किलोमीटर वापरत नाहीत. त्यांचे अंतर सागरी मैलांत असते, एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, आणि हे माप पृथ्वीच्या परिघावरच्या एका कलेएवढे, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढे आहे. त्यामुळे नकाशावर अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ सागरी मैल, असा हिशेब तोंडी करता येतो.

पाऊलवाट

वाट ध्रुवाजवळून जाते हे समजले. मग विमाने प्रत्यक्षात त्याच वाटेने जातात का? विमानातल्या पडद्यावरच्या नकाशात या उड्डाणाची रेघ पॅसिफिक महासागरावरून गेलेली मी पाहिली आहे.

वाऱ्याची दिशा

पाऊलवाट, तुमचे निरीक्षण बरोबर आहे. माझे काम लांब पल्ल्याच्या उड्डाणांच्या मार्गआखणीचे आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

विमानाला वेग दोन असतात. एक हवेसापेक्ष, दुसरा जमिनीसापेक्ष. आजची मोठी जेट विमाने ध्वनीच्या वेगाच्या साधारण ०.८५ पटीने उडतात. ज्या उंचीवर ती असतात तिथे तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असते आणि ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर भरतो. म्हणून विमानाचा हवेसापेक्ष वेग ताशी ९०० च्या जवळपास येतो. हा आकडा फारसा बदलत नाही, कारण वेग वाढवला की इंधनाचा खर्च झपाट्याने वाढतो. पण ज्या हवेतून विमान जात असते ती हवा स्वतः वाहत असते. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांनाच आपण जेट स्ट्रीम म्हणतो. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि ताशी दोनशे किलोमीटरचा वारा त्यात मुळीच दुर्मिळ नसतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते, परंतु त्यांनी आपला अहवाल एस्परांटो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला आणि जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. इतके महत्त्वाचे काम इतकी वर्षे दुर्लक्षित राहावे, याचे मला अजूनही वाईट वाटते.

वाऱ्याचा परिणाम किती होतो ते साध्या आकड्यांत पाहा. अंतर १५,३४९ किलोमीटर, हवेसापेक्ष वेग ताशी ९००, आणि संपूर्ण मार्गावर सरासरी ताशी १०० किलोमीटरचा पाठचा वारा धरला, तर वेळ १५ तास २१ मिनिटे. तोच वारा समोरून आला, तर १९ तास ११ मिनिटे. एकाच अंतराला जवळजवळ चार तासांचा फरक पडला. इथे आणखी एक गोष्ट नोंदवावी लागेल: या दोन वेळांची बेरीज वारा नसतानाच्या दुप्पट वेळेइतकी होत नाही, ती सुमारे पंचवीस मिनिटांनी जास्त होते. जाताना वाऱ्याने जे दिले ते सगळे येताना परत घेतले जाते आणि वर थोडे अधिकही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते.

म्हणूनच मार्ग आखताना आम्ही जमिनीवरचे किलोमीटर कमी करत नाही, हवेतले कमी करतो. समजा, पॅसिफिकवरून वळसा घेतल्याने जमिनीवरचे अंतर १६,६०० झाले, पण त्या वाटेवर सरासरी १०० चा पाठचा वारा मिळाला. वेळ १६ तास ३६ मिनिटे. तेवढ्या वेळात विमान हवेतून १४,९४० किलोमीटर कापते. जमिनीवर साडेबाराशे किलोमीटरचा वळसा पडला, तरी हवेतले अंतर ध्रुवाजवळच्या सरळ वाटेपेक्षा चारशे किलोमीटरने कमी झाले. मध्यान्ह यांनी ज्या दोन अंतरांचा उल्लेख केला ती हीच. वाहत्या हवेत कमीत कमी वेळाची वाट कोणती, हा प्रश्न गणिती अर्न्स्ट झर्मेलो यांनी १९३१ मध्ये मांडून सोडवला होता; आज प्रत्येक लांबच्या उड्डाणाआधी संगणक त्याच जातीचा प्रश्न ताज्या हवामान-अंदाजावर सोडवतो.

आता सिंगापूर-न्यूयॉर्क जोडीचे वैशिष्ट्य पाहा. ही शहरे रेखांशांत जवळपास समोरासमोर असल्यामुळे पूर्वेने गेले काय आणि पश्चिमेने गेले काय, जमिनीवरच्या अंतरात फारसा फरक पडत नाही. म्हणून सिंगापूरहून निघालेले विमान बहुधा जपानच्या बाजूने पॅसिफिक ओलांडून पूर्वेकडे जाते, आणि न्यूयॉर्कहून परतणारे विमानही पुष्कळदा अटलांटिक ओलांडून युरोपमार्गे पूर्वेकडेच निघते. दोन्ही वेळा वारा पाठीशी. असा जाऊन-येऊन प्रवास करणाऱ्याची नकळत एक पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते.

पाऊलवाट

हे फार सुंदर आहे. दुसऱ्या कोणत्या शहरांच्या जोडीत असे घडल्याचे उदाहरण आहे का?

अक्षवृत्त

आहे. एअर इंडियाची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवा आधी अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती पॅसिफिकवरून नेण्यात आली. जुनी वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती, नवी सुमारे १५,३०० किलोमीटरची. अंतर चौदाशे किलोमीटरने वाढले आणि प्रवास जवळपास दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला.  पॅसिफिकवरूनच परतायचे म्हटले तर तोच वारा अंगावर घ्यावा लागतो.

उलट बाजूचे उदाहरण न्यूयॉर्क-लंडनचे. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत पार करून गेले. त्याचा जमिनीसापेक्ष वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तेव्हा अनेकांनी विचारले की हा तर ध्वनीपेक्षा जास्त वेग झाला, मग कॉन्कॉर्डची गरज काय होती? ध्वनीचा वेग हवेच्या तुलनेत मोजायचा असतो, आणि ते विमान हवेच्या तुलनेत नेहमीच्याच वेगाने चालले होते. कॉन्कॉर्डने हेच अंतर ७ फेब्रुवारी १९९६ रोजी २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत कापले, ते खऱ्या अर्थाने ध्वनीच्या दुप्पट वेगाने.

गणिताची वही

मला एक शंका आहे. वारा एवढा महत्त्वाचा असेल, तर वेळापत्रकात वर्षभर एकच वेळ कशी छापता येते?

वाऱ्याची दिशा

एकच छापत नाहीत. उन्हाळी आणि हिवाळी अशी दोन वेळापत्रके असतात आणि लांबच्या उड्डाणांचा वेळ दोहोंत वेगळा असू शकतो. शिवाय छापलेला वेळ हवेतला नसतो. तो ब्लॉक टाइम असतो, म्हणजे विमान निघण्याच्या जागेवरून हलते तेव्हापासून उतरून आपल्या जागी थांबते तोपर्यंतचा. गर्दीच्या विमानतळावर धावपट्टीपर्यंतच्या रांगेतच अर्धा तास जाऊ शकतो. हवामान, रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या यांची सरासरी धरून, बहुतेक उड्डाणे वेळेत पोहोचतील इतकी सवड कंपन्या ठेवतात. म्हणून पुष्कळदा वैमानिक सांगतो, की ‘आपला हवेतला वेळ सतरा तास पन्नास मिनिटे’, आणि तिकिटावर त्याहून पाऊण तास जास्त दिसतो.

मार्गआराखडा कसा दिसतो ते सांगतो, म्हणजे वेळ कसा बनतो हे कळेल. अनेक पानांचा तक्ता असतो. डावीकडे एकेका ठरलेल्या बिंदूचे नाव, बहुतेक वेळा पाच अक्षरांचे, कशाचाच अर्थ नसलेले पण रेडिओवर उच्चारता येईल असे. महासागरावर नावांऐवजी नुसते अक्षांश-रेखांश. पुढच्या रकान्यांत उंची, तापमान, वाऱ्याची दिशा व वेग, त्या वाऱ्याचा आपल्या दिशेने पडणारा वाटा, मागच्या बिंदूपासूनची मिनिटे आणि शिल्लक इंधन. पाठचा वारा असेल तर आकड्याआधी ‘पी’, समोरचा असेल तर ‘एम’. त्या एका रकान्यावरून बोट फिरवत खाली गेले, की संपूर्ण प्रवासाचे स्वरूप डोळ्यांपुढे येते. वैमानिक प्रत्येक बिंदूवर प्रत्यक्ष वेळ आणि प्रत्यक्ष इंधन आराखड्याशी ताडून पाहतात. दोन-तीन मिनिटांचा फरक सतत एकाच बाजूला वाढत असेल, तर अंदाजातला वारा आणि खरा वारा जुळत नाहीत असे समजायचे.

मध्यान्ह (धागालेखक)

मनापासून आभार. इंधनाचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे लिहितो, कारण अंतर आणि वेळ यांची शेवटची मर्यादा तिथे आहे.

ए-३५०-९०० यूएलआरचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन २८० टन आहे आणि त्याच्या टाक्यांत सुमारे १,६५,००० लिटर इंधन मावते, म्हणजे अंदाजे १३० टन. टाक्या पूर्ण भरल्या तर विमानाच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग इंधन असते. त्यातले पुष्कळसे इंधन उरलेले इंधन वाहून नेण्यासाठीच जळते. म्हणून सिंगापूर एअरलाइन्सच्या या विमानांत केवळ १६१ आसने आहेत आणि साधा इकॉनॉमी वर्ग मुळीच नाही. अंतरामुळे प्रवासीसंख्या ठरते, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. निघताना विमान जड असल्यामुळे ते थेट सर्वांत वर जाऊ शकत नाही. इंधन जळून वजन कमी होईल तसे टप्प्याटप्प्याने चढते. पहिल्या काही तासांत ते ज्या थरात उडते तिथला वारा कसा आहे, हेही मग महत्त्वाचे ठरते.

क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क ते सिडनी असे एक चाचणी-उड्डाण बोइंग ७८७-९ ने केले होते. त्याला १९ तास १६ मिनिटे लागली. विमानात जेमतेम पन्नासेक माणसे होती, कारण भरलेल्या विमानाला तेवढे अंतर कापता आले नसते. सिडनी-लंडन हे सुमारे १७,००० किलोमीटरचे अंतर विनाथांबा पार करण्यासाठी ती कंपनी ए-३५०-१००० ची खास आवृत्ती घेत आहे आणि त्या प्रवासाला वीस तासांच्या वर वेळ धरलेला आहे. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर असल्याने कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून २०,००० किलोमीटरपेक्षा फारशी दूर असूच शकत नाहीत. म्हणजे माणूस आता त्या टोकापासून तीनच हजार किलोमीटर अलीकडे आहे. मला ही गोष्ट विलक्षण वाटते.

ध्रुवतारा

वाऱ्याबरोबरच बंद आकाशांचाही विचार व्हायला हवा. हेलसिंकी-टोकियो ही जोडी घ्या. फिनलंडच्या विमानांना पूर्वी रशियावरून सरळ जाता येत असे आणि प्रवास साधारण साडेनऊ तासांचा होता. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द त्यांना बंद झाली आणि तोच प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. शहरे जागची हलली नाहीत, बृहद्वृत्तही तेच आहे. वाट मात्र उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडच्या मोठ्या वळशाने काढावी लागते. अंतर मोजणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर हा बदल दिसणार नाही. शीतयुद्धाच्या काळातही असेच होते. १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगन-टोकियो सेवा ध्रुवीय मार्गाने सुरू केली तेव्हा वाटेत अलास्कातल्या अँकरेजला थांबा होता, आणि त्यानंतर कित्येक वर्षे युरोप-जपान प्रवासाचा तो ओळखीचा मुक्काम राहिला.

डोंगरांचीही अडचण असते. तिबेटचे पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला त्वरेने सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू थोड्याच मिनिटांपुरता असतो. पठारावर तेवढे खाली यायला जागाच नाही. म्हणून त्यावरून जाणारे मार्ग मोजके आहेत आणि त्यांना वेगळी तयारी लागते.

पाऊलवाट

ताऱ्यांच्या नावाच्या सदस्याने ध्रुवीय मार्गाबद्दल लिहावे, हे शोभून दिसले. माझा शेवटचा प्रश्न घड्याळाचा आहे. तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ स्थानिक असते. न्यूयॉर्कहून सोमवारी रात्री निघालेला माणूस सिंगापूरला बुधवारी सकाळी उतरतो, आणि सिंगापूरहून पहाटे निघालेला त्याच दिवशी सकाळी न्यूयॉर्कला पोहोचतो. यातून खरा वेळ कसा काढायचा?

गणिताची वही

सिंगापूरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या आठ तास पुढे असते. न्यूयॉर्कचे हिवाळ्यात पाच तास मागे आणि उन्हाळी वेळ लागू असताना चार तास मागे. ही उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत चालते. म्हणून दोन शहरांत हिवाळ्यात तेरा आणि उन्हाळ्यात बारा तासांचा फरक असतो.

उदाहरण हिवाळ्यातले घेऊ. न्यूयॉर्कहून सोमवारी रात्री १० वाजून ३० मिनिटांनी विमान निघाले. त्या क्षणी सिंगापुरात मंगळवारचे सकाळचे ११ वाजून ३० मिनिटे झालेली असतात. ते बुधवारी सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी पोहोचले, तर खरा वेळ १८ तास ४० मिनिटे. उलट बाजूने, सिंगापूरहून पहाटे २ वाजून २५ मिनिटांनी निघाले तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या दिवशीची दुपारची १ वाजून २५ मिनिटे असतात. सकाळी ७ वाजून ३० मिनिटांनी उतरले, तर खरा वेळ १८ तास ५ मिनिटे.

प्रमाणवेळा माहीत नसल्या तरी चालेल अशी एक युक्ती आहे. दोन्ही दिशांना घड्याळात दिसणारा वेळ मोजावा. पहिल्या प्रवासात तो ३१ तास ४० मिनिटे दिसतो, दुसऱ्यात ५ तास ५ मिनिटे. दोहोंची बेरीज ३६ तास ४५ मिनिटे. एका बाजूला मिळालेले तास दुसऱ्या बाजूला वजा होत असल्यामुळे प्रमाणवेळांचा फरक या बेरजेत उरत नाही. निम्मे केले, की एका बाजूचा सरासरी प्रवास: १८ तास २२ मिनिटे. कोणत्याही दोन शहरांसाठी ही युक्ती लागू पडते; फक्त दोन्ही उड्डाणे एकाच ऋतूतली घ्यावीत, नाहीतर उन्हाळी वेळेचा एक तास मध्ये येतो.

अक्षवृत्त

वही यांच्या आकड्यांत वाऱ्याची दिशा यांच्या म्हणण्याला पुरावाही मिळतो. दोन दिशांच्या वेळांत केवळ ३५ मिनिटांचा फरक आहे. एकाच वाटेने जाऊन-येऊन केले असते, तर तो फरक तासांत दिसला असता.

ध्रुवतारा

थांबा घेऊन जाण्याचे गणितही इथेच नोंदवून ठेवतो. सिंगापूर-फ्रँकफर्ट सुमारे १०,२७० किलोमीटर आणि फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क सुमारे ६,२००; मिळून साधारण १६,४७०. विनाथांबा बृहद्वृत्तापेक्षा अकराशे किलोमीटर जास्त, म्हणजे सात टक्के. पॅसिफिकवरून वळसा घेणारे विनाथांबा विमान जवळजवळ तेवढेच अंतर कापते. तरीही फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्याचे पाच-सहा तास जास्त जातात. दोन तास जमिनीवर जातात, आणि फ्रँकफर्टकडे व पुढे अटलांटिकवर, दोन्ही टप्प्यांत, विमान वाऱ्याला सामोरे जात असते.

वाऱ्याची दिशा

अगदी बरोबर. त्यातही अटलांटिकचा टप्पा हिवाळ्यात जड जातो. तिथल्या पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांसाठी रोज नव्याने समांतर मार्ग जाहीर होतात आणि ते मुद्दाम जेट स्ट्रीम टाळून आखलेले असतात, कधी पार ग्रीनलंडच्या टोकापर्यंत उत्तरेला सरकवलेले. रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांचे मार्ग त्याच जेट स्ट्रीमच्या मधोमध ठेवतात. एकाच महासागरावर, चोवीस तासांच्या आत, त्याच दोन किनाऱ्यांमधली वाट दोनदा बदलते.